आयकराची नोटीस: पहिल्या दिवसापासून छाननीचा आदेश येईपर्यंत

नोटीस आल्याचा ई-मेल किंवा एसएमएस दिसला की सगळ्यात आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी उतरवून काढा: कलम, वर्ष, डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) आणि उत्तराची शेवटची तारीख. बाकीचा मजकूर नंतर वाचा. नोटिशीची भाषा जड असते, तिच्यात दंडाचे आणि कारवाईचे छापील परिच्छेद असतात, आणि माणूस तेच आधी वाचून हबकून जातो. खरे काम या चार नोंदींवरून ठरते.

त्यातले वर्ष नीट पाहा, कारण इथे फार जण चुकतात. नोटिशीवर बहुधा करनिर्धारण वर्ष लिहिलेले असते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ म्हणजे १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळातले उत्पन्न. हे लक्षात न घेता भलत्याच वर्षाचे बँक स्टेटमेंट जोडून पाठवलेली उत्तरे मी पाहिली आहेत. ते उत्तर म्हणजे न दिल्यासारखेच, वर मुदतही हातची जाते.

आणखी एक. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणे १९६१च्या कायद्यानेच चालतात. म्हणून या लेखात जुनीच कलमे दिली आहेत.

नोटीस खरी आहे का?

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर आणि आदेशांवर संगणकाने दिलेला दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा लागतो. अपवाद मोजके आहेत आणि त्यांची कारणे पत्रातच लिहावी लागतात. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही हा क्रमांक तपासता येतो. मुख्य पानावरच नोटीस किंवा आदेश खरा आहे का हे पाहण्याची सोय आहे. ई-मेलमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करून आत जा आणि ‘पेंडिंग ॲक्शन्स’मधल्या ‘ई-प्रोसीडिंग्ज’मध्ये पाहा. पिन, ओटीपी किंवा पासवर्ड मागणारे कोणतेही पत्र विभागाचे नसते.

कलम काय सांगते

कलम १४३(१)चे पत्र ही खरे तर नोटीस नव्हे, ते रिटर्नवर प्रक्रिया झाल्याचे कळवणे आहे. प्रत्येक रिटर्नवर ते येते. फाईल उघडायला पासवर्ड लागतो: पॅन छोट्या अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने असतात, एक तुम्ही भरलेल्या आकड्यांचा आणि दुसरा विभागाने काढलेल्या आकड्यांचा. ओळीमागून ओळ बोट ठेवून वाचा. जिथे दोन आकडे वेगळे, तिथेच प्रश्न. दोन्ही रकाने सारखे असतील आणि देय रक्कम शून्य असेल, तर काहीच करायचे नाही. उत्पन्नात फेरफार करण्याआधी विभाग तसा प्रस्ताव पाठवतो आणि त्यावर उत्तराला ३० दिवस मिळतात. हा प्रस्ताव दुर्लक्षिला की फेरफार कायम होतो.

कलम १३९(९) म्हणजे रिटर्न सदोष आहे. दुरुस्तीला १५ दिवस. दुरुस्ती केली नाही तर ते रिटर्न भरलेच नव्हते असे धरले जाऊ शकते. त्यामुळे छोट्या वाटणाऱ्या या पत्राला मी कधीच छोटे मानत नाही.

कलम २४५ म्हणजे तुमचा रिफंड जुन्या थकबाकीत वळता करण्याचा विचार आहे. उत्तराला २१ दिवस. जुनी थकबाकी बरेचदा चुकीची निघते: भरलेल्या चलनाची (कर भरल्याच्या पावतीची) नोंद झालेली नसते, किंवा टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) दुसऱ्या वर्षात गेलेला असतो. ‘असहमत’ निवडून कारण लिहा आणि चलन जोडा.

कलम १४२(१)ने अधिकारी माहिती किंवा कागद मागतो. कलम १४३(२) म्हणजे तुमचे रिटर्न छाननीला, रोजच्या भाषेत स्क्रुटिनीला, निवडले गेले. ही नोटीस रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरले ते वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत यावी लागते. जुलै २०२४ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ती ३० जून २०२५ पर्यंतच येऊ शकत होती. त्यानंतर आली असेल, तर तो आक्षेप उत्तरात पहिल्याच परिच्छेदात नोंदवा.

कलम १४८-ए आणि १४८ म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडणे. १४८-एमध्ये विभाग विचारतो की हे वर्ष का उघडू नये, आणि सोबत त्याच्याकडची माहिती देतो. सगळी ताकद इथे लावा, कारण इथे समाधान झाले तर पुढची नोटीस येतच नाही. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे १४८ची नोटीस करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ३ वर्षे ३ महिन्यांपर्यंत काढता येते. सुटलेले उत्पन्न ५० लाख रुपये किंवा जास्त असल्याचा दावा असेल तर ५ वर्षे ३ महिन्यांपर्यंत. १४८ची नोटीस आली की तिच्यात दिलेल्या मुदतीत त्या वर्षाचे रिटर्न पुन्हा भरावे लागते. ‘आधीच भरले आहे’ एवढे लिहून भागत नाही.

कलम १५६ ही मागणी नोटीस. पैसे भरायला किंवा वाद घालायला ३० दिवस.

खरे काम: जुळवणी

नोटीस का आली याचे उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच पोर्टलवर असते. फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, दोन्ही उतरवून घ्या. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा जास्त रोख भरली, ३० लाख किंवा जास्त किमतीची मालमत्ता घेतली-विकली, क्रेडिट कार्डाचे रोखीने १ लाख किंवा इतर मार्गाने १० लाख भरले, की ती माहिती बँक किंवा निबंधक कार्यालय विभागाला कळवते. तुमचे रिटर्न आणि ही माहिती शेजारी ठेवली की फरक कुठे आहे ते दिसते.

एआयएसमधला आकडाही चुकीचा असू शकतो. संयुक्त ठेवीचे व्याज दोघांच्या नावावर पूर्ण दिसते, एकच व्यवहार दोन ओळींत येतो, दुसऱ्याचा व्यवहार तुमच्या पॅनवर चढतो. अशा ओळीवर एआयएसमध्येच अभिप्राय नोंदवता येतो: माहिती दुबार आहे, दुसऱ्या पॅनची आहे, पूर्ण बरोबर नाही. अभिप्राय नोंदवा, त्याची पावती ठेवा आणि नोटिशीच्या उत्तरालाही जोडा. अभिप्राय दिला म्हणजे नोटिशीला उत्तर दिले असे होत नाही.

आता जुळवणी कशी दिसते ते एका उदाहरणात पाहू. समजा एका निवृत्त शिक्षिकेच्या बचत खात्यात वर्षभरात १३,६०,००० रुपये रोख भरले गेले आणि १४२(१)च्या नोटिशीत विचारले आहे की हे पैसे कुठून आले. पहिल्या दिवशी बाई म्हणतात, ‘शेतीचे आणि साठवलेले पैसे होते.’ हे खरे असेलही, पण हे उत्तर नव्हे. बँक स्टेटमेंटमधली प्रत्येक रोख भरणा वेगळ्या ओळीवर लिहायची आणि तिच्यासमोर स्रोत व कागद.

तसे लिहायला बसल्यावर चित्र असे उमटते. एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेसाठी ८,००,००० रुपये याच खात्यातून काढले होते. शस्त्रक्रिया छोटीच करावी लागली, दीड लाख खर्च आला, उरलेले ६,५०,००० जुलैत परत भरले. कागद: एप्रिलचे पैसे काढल्याची नोंद, रुग्णालयाचे आधीचे अंदाजपत्रक, प्रत्यक्ष बिल. तीन महिने एवढी रोख घरात का होती, हा पुढचा प्रश्न येणारच. म्हणून डॉक्टरांनी दिलेली तारीख कशी पुढे गेली हे दाखवणारा केसपेपर आत्ताच जोडायचा.

शेतमालाचे ४,८०,०००. बाजार समितीच्या चार हिशोबपट्ट्या: १,१०,०००, १,४५,०००, १,०५,००० आणि १,२०,०००. बेरीज जुळते. पण तेवढ्यावर थांबू नका. पट्टीची तारीख भरण्याच्या आधीची आहे का? पट्टीवर नाव बाईंचेच आहे का? आणि सातबाऱ्यावर त्या हंगामाची पीकनोंद काय आहे? सातबाऱ्यावर तूर आणि पट्ट्या सोयाबीनच्या, अशी फाईल गेली की उत्तरावरचा विश्वासच उडतो. पीकपाहणीची नोंद चुकीची असेल तर ते स्वतःहून सांगा आणि बियाणे-खतांची बिले जोडा. शेती उत्पन्न करमुक्त असले तरी ते रिटर्नमध्ये दाखवलेले असावे लागते, तेही तपासा.

घरभाडे १,८०,०००, महिन्याला १५,०००. भाडेकरार आहे, रिटर्नमध्ये दाखवले आहे. पुरे.

राहिले ५०,०००. बऱ्याच वेळाने बाई सांगतात, शिकवण्या घेतल्या होत्या आणि ते रिटर्नमध्ये दाखवायचे राहून गेले. इथे माझे मत ठाम आहे: कबूल करा. या पन्नास हजारांसाठी भावाच्या नावाने भेटपत्र तयार करायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा विचारू नका. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड असतो, पण खोटी माहिती किंवा खोटा कागद निघाला तर तोच २०० टक्के होतो. शिवाय कमी दाखवल्याच्या प्रकरणात कर व व्याज वेळेत भरून, अपील न करता, फॉर्म ६८मध्ये दंडमाफीचा अर्ज करण्याची वाट असते. खोटेपणा सिद्ध झाला की ती वाट सुरक्षित राहत नाही. आणि बाकीचे १३,१०,००० खरे असूनही त्यांच्यावर सावली पडते.

स्रोत सांगताच आला नाही तर काय होते तेही माहीत असू द्या. १९६१च्या कायद्याच्या कलम ११५बीबीईप्रमाणे अशा रकमेवर ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर, म्हणजे सगळे मिळून ७८ टक्के. त्यातून कोणताही खर्च वजा होत नाही. म्हणूनच जुळवणीला दोन रात्री जागावे लागले तरी जागा.

उत्तर कसे लिहायचे

नोटिशीत प्रश्नांना क्रमांक असतात. उत्तरालाही तेच क्रमांक द्या. प्रश्न क्रमांक ३चे उत्तर प्रश्न क्रमांक १च्या पोटात देऊ नका. प्रत्येक उत्तर तीन-चार ओळींचे असावे आणि शेवटी कागदाचा क्रमांक. वरच्या उदाहरणात एका प्रश्नाचे उत्तर असे होईल:

‘प्रश्न २: जुलै महिन्यात रोख भरलेले ६,५०,००० रुपये हे याच खात्यातून एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या ८,००,००० रुपयांपैकी शिल्लक आहेत. १,५०,००० रुपये रुग्णालयात खर्च झाले. बँक स्टेटमेंट जोडपत्र १, अंदाजपत्रक जोडपत्र २, बिल जोडपत्र ३, केसपेपर जोडपत्र ४.’

एवढेच. आपण किती प्रामाणिक आहोत, आजवर कधी कर चुकवला नाही, ही वाक्ये मनापासून येतात हे मला कळते, पण ती गाळा. विचारले नाही ते सांगू नका, आणि विचारले ते टाळू नका. एखादा कागद अजून मिळालेला नसेल तर ‘बँकेकडे मागणी केली आहे, अर्जाची प्रत जोडपत्र ५’ असे लिहा.

हल्लीची करनिर्धारण प्रक्रिया बहुतांशी चेहराविरहित आहे. अधिकारी देशात कुठेही बसलेला असतो, त्याचे नाव तुम्हाला कळत नाही आणि समोर बसून समजावण्याची सोय नसते. म्हणून कागदानेच बोलायचे असते. ज्याला मराठी येत नाही त्याला सातबारा आणि हिशोबपट्टी म्हणजे नुसत्या रेघा. उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीत द्या आणि मराठी कागदाशेजारी त्याचे भाषांतर ठेवा. ही एक गोष्ट इतक्या फायलींमध्ये राहून गेलेली असते की मी ती प्रत्येकाला दोनदा सांगतो. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असे करा, फाईलला ‘जोडपत्र ३ रुग्णालय बिल’ असे नाव द्या. मोबाईलने फाईलला दिलेले आकड्यांचे नाव तसेच ठेवून ती चढवू नका.

मुदत पुरणार नसेल तर पोर्टलवरच वाढीव मुदत मागता येते. शेवटच्या दिवसाआधी मागा, कारण द्या आणि जेवढे कागद तयार आहेत तेवढे लगेच पाठवा. गप्प राहणे सगळ्यात महाग. नोटिशीला प्रतिसाद न दिल्यास प्रत्येक चुकीला १०,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि अधिकारी कलम १४४खाली स्वतःच्या अंदाजाने उत्पन्न ठरवून मोकळा होतो. तो अंदाज नंतर खोडून काढणे किती जिकिरीचे असते, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक.

उत्तर सादर झाल्यावर मिळणारी पोचपावती आणि पाठवलेल्या सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये ठेवा. ई-प्रोसीडिंग्जमध्ये आठवड्यातून एकदा डोकावा. ई-मेल कधीकधी स्पॅममध्ये जातो, आणि पोर्टलवर जुन्या सल्लागाराचाच मोबाईल नंबर नोंदलेला असला तर एसएमएस तुमच्यापर्यंत येतच नाही. तो नंबर आजच बदला.

छाननी चालू असताना

छाननीत प्रश्न एकदाच येत नाहीत. पहिल्या उत्तरातून दुसरी नोटीस निघते. म्हणून पहिल्या उत्तराशी विसंगत असे दुसरे उत्तर जाऊ नये; नवे लिहिण्याआधी जुने वाचा. करनिर्धारण वर्ष २०२२-२३ पासून सर्वसाधारण छाननी ते करनिर्धारण वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण व्हावी लागते. मुदत जवळ आली की पत्रांचा वेग वाढतो आणि उत्तराला दिवस कमी मिळतात. ते महिने मोकळे ठेवा.

अधिकाऱ्याला उत्पन्न वाढवायचे असेल तर तो आधी कारणे दाखवा नोटीस पाठवतो. त्यात किती रक्कम, कोणत्या कारणाने वाढवणार ते लिहिलेले असते. या नोटिशीच्या उत्तरात फक्त त्या कारणांना भिडा, आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉन्फरन्सने प्रत्यक्ष सुनावणी मागा. सुनावणीत जे बोललात ते त्याच दिवशी लेखी चढवा.

सल्लागार कधी नेमावा? १४३(१), १३९(९) आणि २४५ यांची बरीच उत्तरे थोडे लक्ष दिले तर स्वतः देता येतात. १४३(२), १४८-ए आणि कारणे दाखवा नोटीस आली की सीए किंवा कर-वकील घ्या. पण त्यांच्याकडे पिशवीभर कागद टाकून परतू नका. ते पैसे कुणी, कधी, का दिले हे फक्त तुम्हालाच माहीत असते. जुळवणीचा तक्ता तुम्हीच भरायचा.

टॅक्स ऑडिट वेगळे

छाननीलाही लोक ऑडिट म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. कलम ४४एबीचे टॅक्स ऑडिट तुम्हीच नेमलेला सीए करतो. ते कधी लागते? व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या वर, किंवा जमा आणि खर्च दोन्हींत रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असल्यास १० कोटींच्या वर. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांना ५० लाखांच्या वर. चुकवले तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांपैकी कमी रकमेचा दंड. अनुमानित योजनेतून (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याच्या सोयीतून) बाहेर पडणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, ते सीएला विचारा.

ऑडिटची तयारी मार्च संपताच सुरू करा. ३१ मार्चचा शिल्लक माल मोजून सही केलेली यादी, सगळ्या बँक खात्यांची जुळवणी, जीएसटी विवरणपत्रांतली उलाढाल आणि वहीतली उलाढाल यांतला फरक. एका दिवसात एका माणसाला १०,०००च्या वर रोखीने दिलेले खर्च वेगळे काढा, २०,००० किंवा जास्तीची रोखीने घेतलेली हातउसनी रक्कम वेगळी लिहा. ही माहिती ऑडिट अहवालात जाते आणि पुढे छाननीत नेमकी तीच विचारली जाते.

आदेश आल्यावर

आदेश आला की आधी बेरीज तपासा. टीडीएस धरलेला नाही, भरलेला कर वजा केलेला नाही, आकडा दोनदा आला, अशी उघड चूक असेल तर कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करा. आदेश ज्या आर्थिक वर्षात झाला ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत तो करता येतो, पण थांबू नका, कारण मागणीवर महिन्याला १ टक्का व्याज चालू राहते.

मतभेद असेल तर अपील. मागणी नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, फॉर्म ३५मध्ये, आयुक्त (अपील) यांच्याकडे. शुल्क निर्धारित उत्पन्नानुसार २५० ते १,००० रुपये. नुसते अपील केल्याने वसुली थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. ३१ जुलै २०१७च्या सूचनेत पहिल्या अपिलाच्या काळात साधारणपणे वादग्रस्त मागणीच्या २० टक्के भरल्यावर स्थगिती देण्यास सांगितले होते; सध्याचे प्रमाण तपासून घ्या. अडचण खरोखर असेल तर कमी रकमेची विनंती करा आणि बँक शिल्लक, आजारपण, कर्जाचे हप्ते यांचे कागद जोडा.

दुरुस्तीचा अर्ज केला म्हणून अपिलाचे ३० दिवस थांबत नाहीत. शंका असेल तिथे दोन्ही दाखल करा, आणि अपिलाची तारीख त्या पहिल्या दिवशीच्या कागदावर, चार नोंदींच्या खाली, लिहून ठेवा.